जॉर्जियाच्या खोऱ्यांतील द्राक्षमद्य : जमिनीत पुरलेल्या रांजणांची परंपरा

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात, कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावर वसलेला जॉर्जिया हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशापेक्षाही लहान आहे. त्याची लोकसंख्या चाळीस लाखांहून कमी आहे. असे असले, तरी द्राक्षमद्याच्या इतिहासात या देशाला मानाचे स्थान आहे. निव्वळ द्राक्षांपासून मद्य तयार केल्याचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना रासायनिक पुरावा याच भूमीत मिळाला आहे. द्राक्षरस जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात आंबवण्याची पद्धतही तेथील खेड्यांतून आजतागायत चालू आहे. गेल्या शतकात मात्र या परंपरेला मोठे धक्के बसले. एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबून उभा राहिलेला उद्योग त्या ग्राहकाने दार लावून घेताच कसा कोलमडतो, याचा अनुभव जॉर्जियाने २००६ मध्ये घेतला. घराच्या तळघरातील रांजण या सर्व काळात कसा टिकला, हे समजून घेण्यासाठी प्रथम तेथील खोऱ्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

खोरी आणि द्राक्षांच्या जाती

देशाच्या पूर्व टोकाला काखेती हा प्रांत आहे. एका बाजूला कॉकेशसची बर्फाच्छादित मुख्य रांग आणि दुसऱ्या बाजूला गोंबोरीचे डोंगर यांच्यामधून अलाझानी नदी आग्नेयेकडे वाहत जाते आणि पुढे अझरबैजानच्या हद्दीत शिरते. जॉर्जियातील एकूण द्राक्षबागांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक बागा याच प्रांतात आहेत. तेलावी, क्वारेली, गुर्जानी, सिघनाघी, त्सिनांदाली ही येथील गावांची नावे वाइनच्या बाटल्यांवरूनच जगाला परिचित झाली. खोऱ्यातील हवा कोरडी असून उन्हाळा कडक असतो. डोंगरावरून रात्री उतरणाऱ्या थंड वाऱ्यामुळे फळातील आम्लता मात्र टिकून राहते.

राजधानी त्बिलिसीमधून वाहणाऱ्या कुरा नदीला जॉर्जियन लोक म्त्क्वारी म्हणतात. तिच्या काठचा कार्तली प्रांत हलक्या, काहीशा आंबटसर पांढऱ्या वाइनसाठी ओळखला जातो. देशाच्या पश्चिम भागात रिओनी नदी काळ्या समुद्राकडे वाहते. तिच्या खोऱ्यातील इमेरेती प्रांतात पाऊस आणि दमटपणा अधिक असल्यामुळे वाइन तयार करण्याची रीतही वेगळी आहे. रिओनीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, राचा आणि लेचखुमी हे दोन छोटे प्रदेश आहेत. तेथे द्राक्षे उशिरा पिकतात आणि थंडी लवकर पडते. थंडीमुळे आंबण्याची क्रिया आपोआप मध्येच थांबते, फळातील थोडी साखर शिल्लक राहते आणि वाइन नैसर्गिकरीत्या गोडसर होते. स्टॅलिनची आवडती म्हणून प्रसिद्धी पावलेली ख्वांचकारा ही राचा भागातील अशीच एक वाइन होय.

जॉर्जियात द्राक्षाच्या पाचशेहून अधिक स्थानिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांपैकी व्यापारी उत्पादनात जेमतेम तीन-चार डझन जाती असाव्यात. पांढऱ्या जातींमध्ये र्कात्सितेली अग्रेसर आहे. या नावाचा अर्थ ‘तांबडी काडी’ असा असून तो वेलीच्या लालसर फांदीवरून आला आहे. काळ्या जातींमध्ये सापेरावी ही प्रमुख होय. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीपुरता असतो आणि आतला गर फिकट असतो. सापेरावीचा गरही लाल असतो, म्हणून तिचे नावच ‘रंग देणारी’ अशा अर्थाचे आहे. म्त्स्वाने म्हणजे ‘हिरवी’. लेचखुमीच्या उतारांवर अत्यल्प प्रमाणात होणाऱ्या आणि म्हणूनच अतिशय महाग असलेल्या एका काळ्या द्राक्षाचे नाव उसाखेलाउरी, म्हणजे ‘निनावी’ असे आहे. एवढ्या जातींना नावे देता देता लोक थकले असावेत, असे हे नाव ऐकून वाटते.

पुरावा काय सांगतो

त्बिलिसीच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा या नावांच्या दोन टेकड्या आहेत. नवाश्मयुगीन वस्तीच्या या जागांवरील उत्खननात मातीच्या मोठ्या भांड्यांचे तुकडे मिळाले. त्या खापरांमध्ये मुरलेल्या अंशांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले, तेव्हा द्राक्षाची खूण मानल्या जाणाऱ्या टार्टारिक आम्लाबरोबर इतर काही सेंद्रिय आम्ले त्यांत आढळली. अमेरिकन संशोधक पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या जॉर्जियन व अन्य सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. ही भांडी इसवी सनापूर्वी ६००० ते ५८०० या काळातील आहेत. त्यापूर्वी इराणच्या झाग्रोस पर्वतातील हाजी फिरूझ टेपे येथील पुरावा सर्वांत जुना समजला जात असे. नव्या शोधामुळे हा काळ आणखी किमान सहा शतके मागे गेला.

जॉर्जियन पर्यटन खात्याच्या जाहिरातींतून ‘आठ हजार वर्षांची अखंड परंपरा’ असा उल्लेख हमखास आढळतो. तो काळजीपूर्वक वाचावयास हवा. त्या प्राचीन भांड्यांचे बूड सपाट होते आणि ती आजच्या रांजणांच्या तुलनेत लहान होती. निमुळत्या बुडाचा, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण हा त्यानंतर पुष्कळ काळाने विकसित झाला. द्राक्षापासून मद्य करण्याची कला आठ हजार वर्षांपूर्वीची आहे, एवढेच या पुराव्यावरून म्हणता येते. जॉर्जियन भाषेत वाइनला ‘ग्विनो’ म्हणतात. युरोपीय भाषांतील शब्द यावरून आले की याच्या उलट घडले, याविषयी भाषाशास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही.

चौथ्या शतकात जॉर्जियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि वेलीला धार्मिक प्रतिष्ठा लाभली. धर्मप्रसारासाठी आलेल्या संत नीनो यांनी द्राक्षवेलीच्या दोन काड्या आपल्या केसांनी बांधून क्रूस तयार केला, अशी श्रद्धा आहे. आडव्या काड्या किंचित खाली झुकलेला हा क्रूस जॉर्जियन चर्चचे चिन्ह बनला. मठांमध्ये बागा आणि तळघरे आली. अलाझानीच्या खोऱ्यातील अलावेर्दी येथे अकराव्या शतकातील भव्य कॅथेड्रल उभे आहे. तेथील धर्मगुरूंनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मठाचे जुने तळघर दुरुस्त करून रांजणातील वाइन पुन्हा तयार करावयास प्रारंभ केला.

रांजण कसा काम करतो

या रांजणाला जॉर्जियन भाषेत ‘क्वेव्री’ म्हणतात. मराठी वाचकाला त्याची कल्पना येणे अवघड नाही. घराच्या अंगणात पाणी साठवण्यासाठी असणारा रांजण आणि धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेले पेव, या दोहोंचा मिलाफ म्हणजे क्वेव्री. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेवांमागे जो विचार होता, तोच येथेही आहे. जमिनीच्या पोटात उष्णतामान फारसे बदलत नाही.

क्वेव्रीचा आकार अंड्यासारखा, वर रुंद आणि बुडाशी निमुळता असतो. घरगुती रांजण शंभर-दोनशे लिटरचा असू शकतो, तर मोठ्या रांजणात तीन हजार लिटरहून अधिक रस मावतो. एवढे मोठे भांडे चाकावर घडवता येत नाही. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचत दररोज थोडीथोडी उंची वाढवतो. खालचा थर पुरेसा सुकल्याखेरीज वरचा थर चढवता येत नाही, कारण ओल्या मातीला वरचे वजन पेलत नाही. त्यामुळे एक मोठा रांजण पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात. नंतर तो विटांच्या भट्टीत लाकडांच्या जाळावर अनेक दिवस भाजला जातो. भट्टीतून काढल्यावर तो गरम असतानाच आतल्या बाजूने मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात दिला जातो. या मेणामुळे भांड्याची सूक्ष्म छिद्रे काही प्रमाणात बुजतात आणि ते धुणे सोपे जाते. छिद्रे पूर्णपणे बुजू नयेत, ही खबरदारी मात्र घ्यावी लागते. बाहेरून चुन्याचा थर देऊन रांजण जमिनीत तोंडापर्यंत पुरतात. ज्या खोलीत असे रांजण पुरलेले असतात, तिला ‘मारानी’ म्हणतात. एकदा पुरलेला रांजण सहसा हलवला जात नाही. घर विकले गेले तर रांजणही घराबरोबर जातो.

द्राक्षांची तोडणी काखेतीत सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. या हंगामाला ‘र्त्वेली’ असे नाव आहे. (नाशिकच्या बागांत तेव्हा ऑक्टोबर छाटणीची लगबग असते.) शहरात नोकरीला गेलेली मुले, नातेवाईक, शेजारी असे सर्वजण या कामासाठी गावी येतात. झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या होडीसारख्या लांब कुंडात द्राक्षे टाकून ती पायांनी तुडवण्याची रीत होती. आता बहुतेक ठिकाणी हाताने फिरवायचे किंवा विजेवर चालणारे यंत्र वापरतात. मिळालेला रस रांजणात जातो आणि काखेतीच्या पद्धतीत त्याबरोबर साली, बिया आणि पक्व झालेले देठही जातात.

याच ठिकाणी युरोपमधील प्रचलित रीत आणि जॉर्जियाची रीत यांच्यातील मुख्य फरक स्पष्ट होतो. पांढरी वाइन करताना युरोपात साली तत्काळ वेगळ्या काढतात आणि केवळ रस आंबवतात. काखेतीत पांढऱ्या द्राक्षांचा रसही सालींसह पाच-सहा महिने राहतो. त्यामुळे वाइनला चहासारखा किंवा पातळ मधासारखा रंग येतो आणि जिभेला तुरट चव जाणवते. जॉर्जियन लोक तिला अंबराच्या रंगाची वाइन म्हणतात. इमेरेतीच्या दमट हवेत देठ नीट पिकत नाहीत. म्हणून तेथे देठ वगळून सालींचा थोडासाच भाग रसात घालतात आणि वाइन अधिक सौम्य होते.

बाहेरून यीस्ट घालण्याची पद्धत नाही. सालीवर आणि तळघरात असलेल्या जंतूंमुळेच आंबण्याची क्रिया सुरू होते. फेसाबरोबर साली वर येऊन त्यांची जाड साय धरते. ती दिवसातून अनेक वेळा लाकडी दांड्याने खाली दाबावी लागते, नाहीतर वरचा थर आंबट होऊन सर्व वाइनचा शिरका होण्याची भीती असते. दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो आणि चोथा आपसूक खाली बसू लागतो. बिया सर्वांत आधी बुडाच्या टोकाशी जमतात आणि त्यांवर साली-देठ बसतात. बियांमधील कडवटपणा वाइनमध्ये फारसा न उतरण्यामागे हा निमुळता आकार हे महत्त्वाचे कारण मानले जाते. रांजणावर दगडी किंवा लाकडी झाकण ठेवून ते ओल्या मातीने लिंपून घेतात आणि वसंत ऋतूत उघडतात. वरची नितळ वाइन दुसऱ्या स्वच्छ रांजणात काढली जाते. खाली उरलेल्या चोथ्यापासून ‘चाचा’ नावाची कडक दारू गाळतात.

या सगळ्यात सर्वांत कष्टाचे काम रांजण धुण्याचे होय. मोठ्या रांजणात माणूस शिडीने उतरतो. चेरीच्या सालींचा कुंचला, राखेचे किंवा चुन्याचे पाणी आणि शेवटी गंधकाची धुरी असा हा क्रम असतो. रांजणातून वाइन काढण्यासाठी लांब दांडी लावलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा वापरला जात असे. काही घरांत तो अद्याप दिसतो.

राणी केतेवान आणि गोवा

काखेतीच्या बागांवर कोसळलेल्या आपत्तींपैकी एकीचा धागा थेट गोव्यापर्यंत पोहोचतो. इराणचा शाह अब्बास पहिला याने १६१४ ते १६१७ या काळात काखेतीवर स्वाऱ्या केल्या. गावे उद्ध्वस्त झाली, बागा तोडण्यात आल्या आणि हजारो कुटुंबांना इराणमध्ये नेऊन वसवण्यात आले. इस्फहानच्या पश्चिमेकडील फेरेदून भागात त्यांचे वंशज आजही जॉर्जियन भाषा बोलतात. काखेतीचा राजा तैमुराझ पहिला हा कवीही होता. वाइन आणि ओठ यांच्यातील वादसंवादावर त्याने काव्य लिहिले आहे. त्याची आई राणी केतेवान शाहच्या कैदेत होती. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. तेथील ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिच्या अवशेषांचा काही भाग गोव्यास आणला. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांत भारतीय पुरातत्त्व खात्याला काही अस्थी मिळाल्या. हैदराबादमधील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात त्यांची जनुकीय तपासणी झाली. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्बिलिसी येथे या अवशेषांचा एक भाग जॉर्जिया सरकारच्या स्वाधीन केला.

त्सिनांदालीचे सरदार

१८०१ मध्ये पूर्व जॉर्जिया रशियन साम्राज्यात विलीन करण्यात आला आणि वाइनच्या इतिहासाचे एक निराळे पर्व सुरू झाले. कवी आणि सेनाधिकारी अलेक्सांद्र चावचावाद्झे (१७८६-१८४६) यांनी त्सिनांदाली येथील आपल्या जहागिरीत युरोपीय पद्धतीचे वाइन केंद्र उभारले. लाकडी पिंपात मुरवलेली आणि बाटलीत भरलेली वाइन जॉर्जियात येथूनच रुजली. रशियन नाटककार अलेक्सांद्र ग्रिबोयेदोव हे त्यांचे जावई होत.

या घराण्याचे पुढे जे झाले, ते कादंबरीत शोभावे असे आहे. १८५४ च्या उन्हाळ्यात दागेस्तानचे बंडखोर नेते इमाम शामिल यांच्या घोडेस्वारांनी डोंगर उतरून त्सिनांदालीवर छापा घातला आणि अलेक्सांद्र यांचे पुत्र दावित यांच्या पत्नीसह अनेक स्त्रिया व मुलांना पळवून नेले. रशियाच्या ताब्यात असलेला शामिल यांचा मुलगा आणि ४० हजार रूबल यांच्या बदल्यात मार्च १८५५ मध्ये त्यांची सुटका झाली. खंडणीच्या कर्जातून जहागीर पुन्हा वर आली नाही आणि अखेर ती झारच्या कुटुंबाकडे गेली. त्सिनांदाली येथे आज संग्रहालय आहे. गावाचे नाव धारण करणारी, र्कात्सितेली आणि म्त्स्वाने यांच्या मिश्रणाची पांढरी वाइन १८८० च्या दशकापासून ओळखली जाते.

त्याच दशकात अमेरिकेतून युरोपमार्गे फिलॉक्सेरा ही मुळांचा रस शोषणारी कीड जॉर्जियात पोहोचली. भुरी आणि केवडा हे दोन रोगही आले. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना या दोन नावांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. फिलॉक्सेरावर फवारणीचा उपाय नव्हता. अमेरिकन वेलीच्या खुंटावर स्थानिक जातीचे कलम बांधणे, हाच मार्ग होता. ज्या जातींची कलमे कोणी बांधली नाहीत, त्या अनेक खोऱ्यांतून दिसेनाशा झाल्या.

कारखाना आणि तळघर

१९२१ मध्ये जॉर्जियावर सोव्हिएत सत्ता आली. शेतीचे सामूहिकीकरण झाल्यानंतर वाइनचा संपूर्ण व्यवहार ‘सामत्रेस्त’ या सरकारी संस्थेकडे एकवटला. प्रत्येक वाइनला क्रमांक देण्यात आला. त्सिनांदाली क्रमांक १, मुकुझानी क्रमांक ४, ख्वांचकारा क्रमांक २०, किंदझ्मराउली क्रमांक २२ अशी ती ओळख होती. नियोजनकारांना टनांचे उद्दिष्ट गाठावयाचे असल्यामुळे भरघोस पीक देणाऱ्या र्कात्सितेली आणि सापेरावी यांच्याखेरीज इतर जातींना फारसा वाव राहिला नाही. किसीसारखी चांगली जात बागांतून जवळजवळ नाहीशी झाली. सोव्हिएत संघातील ग्राहकाला गोडसर वाइन आवडे, म्हणून तीच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली.

तथापि, शेतकऱ्याला घरालगत जमिनीचा एक लहान तुकडा स्वतःसाठी ठेवण्याची मुभा होती. त्या तुकड्यातील वेली आणि घराच्या तळघरातील रांजण यांच्यावर कोणतेही उद्दिष्ट लादलेले नव्हते. दिवसभर सामूहिक शेतात राबणारा माणूस घरच्या वाइनसाठी आजोबांची पद्धत वापरत राहिला. ‘सुप्रा’ ही जॉर्जियन मेजवानी, तिचे सूत्रसंचालन करणारा ‘तामादा’ आणि मृतांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांच्या नावाने उचलले जाणारे पेले यांसाठी बाटलीतील क्रमांकित वाइन नव्हे, तर घरचीच वाइन लागत असे. रांजणाची विद्या ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत जपली गेली असती, तर ती टिकली असती की नाही याविषयी शंका वाटते.

मे १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मद्यपानविरोधी मोहीम सुरू केली. त्या वेळी जॉर्जियात एक लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र द्राक्षाखाली होते. मोहिमेत बागा उपटल्या गेल्या आणि कारखाने बंद पडले. त्यानंतर १९९१ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण त्यापाठोपाठ यादवी युद्ध, वीजटंचाई आणि दारिद्र्यही आले. दोन दशकांत द्राक्षाखालील क्षेत्र निम्म्याहून कमी झाले. रशियाच्या बाजारात जॉर्जियन नावाची बनावट वाइन सर्रास विकली जाऊ लागली.

२००६ ची बंदी

मार्च २००६ मध्ये रशियाने जॉर्जिया आणि मोल्दोव्हा या दोन्ही देशांच्या वाइनच्या आयातीवर बंदी घातली. वाइनमध्ये कीटकनाशके आणि जड धातू आढळले, असे कारण रशियाच्या आरोग्य यंत्रणेने दिले. जॉर्जिया पाश्चात्त्य राष्ट्रांकडे झुकू लागल्याची ही शिक्षा आहे, अशी जॉर्जियाची धारणा होती. काही आठवड्यांतच बोर्जोमी या प्रसिद्ध खनिजजलावरही बंदी आली. ऑगस्ट २००८ मध्ये तर दोन्ही देशांत प्रत्यक्ष युद्ध झाले.

बंदीपूर्वी जॉर्जियाच्या वाइन निर्यातीपैकी सुमारे चार पंचमांश माल रशियाला जात असे. हा बाजार एका रात्रीत बंद झाला. गोदामांत माल पडून राहिला, द्राक्षांचे भाव कोसळले आणि काखेतीतील अनेक शेतकऱ्यांनी बागा सोडून दिल्या. पाश्चात्त्य बाजारात स्वस्त, गोडसर वाइनला उठाव नव्हता. तेथे उभे राहावयाचे तर इतर कोणाकडे नसलेली वस्तू हवी होती, आणि ती शेतकऱ्याच्या तळघरात होती.

त्याची चाहूल आधीच लागली होती. इटलीच्या फ्रिउली भागातील नामवंत उत्पादक योश्को ग्रावनर यांनी २००० मध्ये जॉर्जियाला भेट दिली आणि पुढील हंगामापासून आपली वाइन जॉर्जियन रांजणात आंबवण्यास आरंभ केला. सिघनाघी येथे २००७ मध्ये अमेरिकन चित्रकार जॉन वर्डमन यांनी एका स्थानिक द्राक्ष उत्पादकाच्या भागीदारीत ‘फेझंट्स टिअर्स’ हे केंद्र सुरू केले. कार्तली, इमेरेती येथील लहान उत्पादकांच्या वाइन लंडन, टोकियो आणि न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत पोहोचल्या. २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्री पद्धतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. म्त्स्खेता शहराजवळच्या जिघाउरा येथील सरकारी केंद्राने चारशेहून अधिक स्थानिक जातींच्या वेली एकत्र लावून त्यांची रोपे शेतकऱ्यांना देण्यास सुरुवात केली. किसी पुन्हा बागांत आली.

पुन्हा तोच ग्राहक

रशियाने २०१३ च्या मध्यास बंदी उठवली. दरम्यान पोलंड, युक्रेन, कझाकस्तान, चीन या बाजारपेठा मिळाल्या होत्या. युरोपीय संघाबरोबरचा मुक्त व्यापार करार २०१४ मध्ये अमलात येऊ लागला, तर चीनबरोबरचा करार २०१८ मध्ये लागू झाला. असे असूनही रशियाचा वाटा झपाट्याने वाढत गेला. २०२३ मध्ये जॉर्जियाने सुमारे ११ कोटी ८० लाख लिटर वाइन निर्यात केली. तिचे मूल्य जवळपास २६ कोटी डॉलर होते. त्यांपैकी अंदाजे दोन तृतीयांश निर्यात रशियाला झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने आक्रमण केल्यानंतर जॉर्जियात रशियाविरोधी निदर्शने झाली, पण वाइनचे ट्रक कॉकेशसमधील लार्सच्या नाक्यावरून उत्तरेकडे जात राहिले. जवळचा रस्ता, परिचित चव आणि जुने व्यापारी संबंध यांचे पारडे जड ठरले. सीमेपलीकडच्या एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीने २००६ ची पुनरावृत्ती होऊ शकते, हे उत्पादकांनाही ठाऊक आहे.

क्वेव्रीतील वाइनला जगभर प्रसिद्धी मिळाली असली, तरी देशाच्या एकूण व्यापारी उत्पादनात तिचा वाटा फार लहान आहे. मोठी केंद्रे पोलादी टाक्यांतच वाइन तयार करतात. क्वारेलीजवळ डोंगर फोडून सोव्हिएत काळात खोदलेल्या एकूण ७.७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांत एक कंपनी आपल्या बाटल्या ठेवते आणि पर्यटकही ते पाहण्यास जातात. याउलट रांजण घडवणारी कुंभार कुटुंबे मोजकीच उरली आहेत. काखेतीतील वार्दिसुबानी, इमेरेतीतील श्रोशा आणि मकातुबानी ही त्यांची ठळक गावे होत. काम ऋतूवर अवलंबून असते आणि हिवाळ्यात माती सुकत नाही. भट्टीत एखादा रांजण तडकला, तर कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात.

अलाझानीच्या खोऱ्यातील बहुसंख्य द्राक्ष उत्पादक अल्पभूधारक आहेत. गारपीट ही त्यांची जुनी शत्रू आहे. जुलै २०१२ मधील वादळाने तेलावी आणि क्वारेली भागातील बागांचे अतोनात नुकसान केले. त्यानंतर ढगांवर रॉकेट सोडून गारा रोखण्याची यंत्रणा २०१५ पासून काखेतीत बसवण्यात आली. बाजारभाव ही दुसरी चिंता असते. पीक अधिक आल्यास कारखाने भाव पाडतात, म्हणून सरकारने अनेक हंगामांत र्कात्सितेली आणि सापेरावी यांना अनुदान देऊन किमान भाव राखला आहे. र्त्वेलीच्या दिवसांत कारखान्यांच्या फाटकाबाहेर द्राक्षांनी भरलेल्या ट्रकांच्या रांगा लागतात आणि साखरेचे प्रमाण मोजून घेण्यासाठी शेतकरी तासन्‌तास थांबून राहतात. घरच्या रांजणासाठी लागणारी द्राक्षे मात्र अनेक कुटुंबे त्याआधीच वेगळी काढून ठेवतात.